कोटावरचे लीक

“यंदाचं काउल मी करणार, आणि अगदी आईसारखं करणार. वॉटकिनकाका बोटं चाटत बसतील,” एलुनेदने चॅपलच्या हॉलमध्ये चारचौघांत सांगून टाकलं. आई, म्हणजे तेगवेन, जाऊन वर्ष झालं होतं. वेल्समधल्या त्या गावात संत डेव्हिडच्या दिवशी गावजेवणाला काउल, म्हणजे मटण आणि लीकचा गरमागरम रस्सा, तीस वर्षं तिच्याच हातचा. कांद्याच्या पातीसारखे ते जाडजूड लीक परसातलेच, असा तिचा तोरा. गावजेवणाचा कारभार वॉटकिनकाकांकडे. आता त्यांनी नाक मुरडलं, तर आईचं मोठं पातेलं पुढल्या वर्षी दुसऱ्याच्या चुलीवर चढणार. तो विचारही एलुनेदला सोसत नव्हता.

एक मार्चला, म्हणजे त्याच सणाच्या सकाळी, हॉलमागच्या स्वयंपाकघरात मटण रटरटत होतं. इदवल माळी आत आला आणि त्याने टेबलावर वीस जुड्या ठेवल्या. पिवळ्याधमक डॅफोडिल फुलांच्या.

“हे काय आणलंस?”

“केनिन. फोनवर तूच म्हणालीस ना, हॉलसाठी वीस जुड्या केनिन?”

“अरे बाबा, आपल्या वेल्शमध्ये केनिन म्हणजे लीक!”

“आणि केनिन पेडर म्हणजे डॅफोडिल. पीटरचे लीक. मला वाटलं सजावट आहे, आणि पीटरला तू घाईत गाळलंस.”

एलुनेद दुकानात धावली. तिथे टोपल्या रिकाम्या. आजचा दिवसच तसा, गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांनी लीक कोटाला लावायला नेलेले. हताश होऊन ती परतली, तर हॉलच्या दारात तेच पुरुष रांगेने उभे, आणि प्रत्येकाच्या छातीवर पिनेने टाचलेला एकेक ताजा हिरवागार लीक.

तिने डॅफोडिलची टोपली उचलली आणि दार अडवलं. “लीक द्या, फूल घ्या.”

“अगं, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लीकच लावतात.”

“मग उपाशी राहा पिढ्यान्‌पिढ्या.”

कुरकुरत का होईना, लीक निघाले. वॉटकिनकाकांनी मात्र काही न विचारता कोट पुढे केला.

जेवणं सुरू झाली. काकांनी पहिला चमचा घेतला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्याला कट्‌कन आवाज झाला. त्यांनी तोंडातून एक सेफ्टी पिन काढली. आता पातेलं गेलंच, एलुनेदच्या मनात आलं.

काकांनी पिन रुमालाने पुसली. त्यांचे डोळे भरून आले होते.

“अगदी तेगवेनचंच काउल,” ते म्हणाले.

“काका, पण ती पिन...”

“तिच्या काउलमध्येही निघायची की. लीक आणायचे ती दर वर्षी विसरायची. आम्ही कोट खुंटीला टांगले, की हळूच काढून न्यायची. आम्ही म्हणायचो, रस्त्यात पडले असतील. कोण बोलणार तिला?”

एलुनेदला हसू आवरेना आणि रडूही. आईची इतकी आठवण तिला वर्षभरात आली नव्हती.

आई कधी सुई हातात धरत नसे. तरी घरात पिनांचा एक डबा काठोकाठ भरलेला असायचा. घरी गेल्यावर एलुनेदने ही पिन धुतली आणि त्याच डब्यात टाकली. झाकण काही लागेना.