तात्यांचा दोर

एक टोपी. मुळात निळी असावी.

ओल्या हिरव्या रंगातली उपडी होडी, आणि तिच्याशेजारी ब्रश घेऊन पहाऱ्याला बसलेला सुतार.

तात्यांची अक्कलदाढ. ती तात्यांच्या तोंडात नाही.

"कुणीही हलायचं नाही," हे वाक्य, आणि ते ऐकून हललेली माणसं.

या सगळ्याची गोष्ट एकच, आणि ती तात्यांच्या बढाईपासून सुरू होते. "माझ्या बोयाला लागलेला पाहुणा," तात्या भेटेल त्याला सांगायचे, "परतीची ओहोटी आजवर चुकलेला नाही. चुकणारही नाही."

बोये म्हणजे नदीच्या मधोमध, तळाशी साखळीने जखडलेले नारिंगी गोळे. समुद्रातून शिडाच्या होड्या घेऊन येणारे पाहुणे त्यांना होडी बांधायचे. मग तात्या आपल्या छोट्या होडीतून त्यांना काठावर आणायचे आणि परत नेऊन सोडायचे. ऐकायला सोपं. पण ही नदी म्हणजे माहेरवाशीण. भरतीला आली की थेट गल्लीच्या तोंडापर्यंत गप्पा मारायला, आणि ओहोटीला रुसली की मधल्या ओहोळात तोंड लपवून. मागे चिखल. त्या चिखलाने गावातल्या निम्म्या चपला गिळल्या आहेत, त्याही एकेकच.

पूर्वी दगडी पायऱ्या होत्या. तिथे होडी लांब दोराने बांधायची. नाहीतर पाणी खाली जाई आणि होडी वाळत घातलेल्या चादरीसारखी लटकत राही. यंदा तिथे तरंगता धक्का आला. तो पाण्याबरोबरच वर-खाली होतो, आणि काठाला जोडणारा त्याचा लोखंडी पूलही एका टोकाने त्याच्याबरोबर चढतो-उतरतो. इथे दोर आखूड बांधायचा. लांब सोडलात, तर होडी वाहत पुलाखाली शिरते आणि चढतं पाणी तिला पुलाच्या पोटाशी दाबून धरतं. तशी पाटीच होती तिथे. तात्यांनीच रंगवलेली.

कप्तान दरवर्षी यायचा. खरं तर तो दातांचा डॉक्टर, पण नदीवर कप्तान. पहिल्याच भेटीत त्याने तात्यांचा सुजलेला गाल पाहिला आणि त्यांची अक्कलदाढ त्यांच्याच होडीत बसवून उपटली.

"हलू नकोस," तो म्हणाला होता.

"मी कुठे हलतोय? नदी हलतेय," तात्या म्हणाले होते, आ वासून जितकं म्हणता येतं तितकं.

तेव्हापासूनची मैत्री. दाढ कप्तानाने ठेवून घेतली. त्याच्या होडीत, नकाशांच्या शेजारी, ती एका बाटलीत असायची.

यंदा तो आला तो होडी विकूनच. नवा मालक पुढच्या बंदरात वाट पाहत होता. काठावर यायची कप्तानाची रबरी होडी तर त्याने आधीच नेली होती. "जेवतो आणि भरती भरली की निघतो," कप्तान म्हणाला. "उशीर झाला तर नदीच्या तोंडावरची वाळू उघडी पडेल."

राहा की एक दिवस, असं तात्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण इतकी वर्षं बढाई मारलेल्या माणसाने ते म्हणावं कसं? ते म्हणाले, "वेळेवर सोडतो. काळजी नको."

घराच्या वाटेवर कप्तानाने कपाळावर हात मारला. "टोपी तुझ्या होडीतच राहिली. तू हो पुढे, आलोच."

तात्या घरी पोचले. "दोर आखूड बांधलात ना?" बायकोने दारातच विचारलं.

"अगं, पाटी कुणी रंगवली?"

कप्तान टोपी घेऊन आला आणि जेवण रंगलं. सगळे बोये भरलेले असायचे ते दिवस निघाले. पाण्यावरून येणारं हसणं, दगडी पायऱ्यांवर वाळणारे मोजे, आणि ओळख नसलेल्या होडीवरही पोहत जाऊन पाव मागणारा तो कुत्रा.

"भावजी, भात घ्या अजून."

"वाढा वहिनी. असं जेवण पुढच्या वर्षी कुठलं?"

तात्यांनी उगाच पाणी प्यायलं.

मग ते धक्क्यावर आले. होडी दिसेना. नुसता दोर दिसत होता, लांबच लांब, आणि तो पुलाखाली जात होता. होडी पुलाच्या पोटाशी अशी घट्ट बसली होती, जणू बाटलीला बूच.

"मी आखूड बांधला होता," तात्या म्हणाले.

"तो दिसतोच आहे," बायको म्हणाली.

मेहुणा धावत आला. "दाजी, माणसं आणतो." त्याने माणसं आणली. ती धक्क्यावर गोळा झाली. वजनाने धक्का दबला, धक्क्याबरोबर पूल दबला, आणि होडी आणखी घट्ट बसली. मग मेहुण्याने आणखी माणसं आणली.

बऱ्याच वेळाने तात्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "कुणीही हलायचं नाही! एकेक जण काठावर जा." सगळे एकदमच निघाले, आणि सगळे पुलावर. खालून कट्ट असा आवाज आला. होडीची बसायची फळी गेली.

उरली होती सुताराची होडी.

"रंग ओला आहे," सुतार म्हणाला.

"खराब होईल ती पँट माझी होईल ना?" मेहुणा म्हणाला.

"मी पँटचं कुठे म्हणतोय?"

"राहू दे, राहू दे," कप्तान घाईने म्हणाला. "बिचाऱ्याने सकाळपासून लावलाय."

म्हणजे मिटलंच. पाणी उतरेपर्यंत पूल होडी सोडणार नाही, आणि पाणी उतरलं की वाळू कप्तानाला सोडणार नाही. रात्रीच्या भरतीला या वयात जायचं नाही. थेट उद्या.

सगळ्यांत जास्त तोंडसुख घेतलं कप्तानाने. "पाटी रंगवता येते, वाचता येत नाही का रे तुला?" नव्या मालकाला त्याने सगळ्यांदेखत फोन लावला. "काय करणार? इथला माणूस म्हातारा झालाय. पायऱ्यांची सवय सुटत नाही त्याची."

रात्री दोघे जुन्या पायऱ्यांवर जाऊन बसले. शेवाळलेल्या पायरीवर पाणी वर चढू लागलं, तसे दोघे एकेक पायरी मागे सरकत राहिले. दुसऱ्या दिवशी सुताराच्या वाळलेल्या होडीतून तात्यांनी त्याला सोडलं. निघताना कप्तानाने ती बाटली त्यांच्या हातात ठेवली.

तात्यांची बढाई त्या दिवसापासून बंद झाली. आजही कुणी होडी बांधताना दिसलं की मेहुणा ओरडतो, "आखूड रे, दाजींसारखा नको." सुरुवातीला तात्या शपथा घ्यायचे. आता नाही घेत. हात म्हातारे झाले असतील, असं म्हणतात आणि बाटलीतली दाढ खुळखुळवत बसतात.

त्या दिवशी जेवायला येताना, तात्यांच्या होडीतून धक्क्यावर उतरला तेव्हा, टोपी कप्तानाच्या डोक्यावरच होती.