सोवळ्यातला क्लीनर

ट्रक मागं घेण्याआधी आचमन करणारा माणूस तुम्ही बघितलाय का? मी बघितलाय. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः म्हणत तळहातावरचं पाणी तीनदा प्यायचं, ओला हात पंचाला पुसायचा आणि मग रिव्हर्स गिअर टाकायचा. गाडी पुढं घ्यायला मात्र आचमन लागत नाही. असं का, म्हणून मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "श्रीपती, पुढचं डोळ्यांना दिसतं. मागचं देवावर. शास्त्राला धरून आहे."

हे आमचे सदूगुरुजी. पुणतांब्याचे. गोदावरीच्या घाटावर वाडवडलांपासूनची भिक्षुकी. बारसं असो, लग्न असो की दहावा असो, गुरुजींशिवाय गावात पान हलायचं नाही. बायको लग्नानंतर लवकरच गेली, मूलबाळ नाही, घरात एकटा जीव. वय पन्नाशीच्या घरात, अंगानं काटकुळे, पण आवाज असा खणखणीत की घाटावर संकल्प सोडला तर पाण्यात बसलेल्या म्हशी माना वळवून बघायच्या.

मी त्यांच्याच गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. तेव्हा कोपरगावला एका ट्रकमालकाकडे कारकून होतो. कुठली गाडी कुठला माल घेऊन कुठं निघाली आणि तिच्यावर ड्रायव्हर कोण, एवढं बघायचं. एका सकाळी चहा पीत बसलो होतो, तर समोर गुरुजी. मला वाटलं वर्गणीला आले असतील. त्यांनी कनवटीची गाठ सोडली, आतून ट्रकचं नवंकोरं हेवी लायसन्स काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मला गाडीवर लाव."

चहा नाकात गेला माझ्या. "गुरुजी, हे कुणाचं?" म्हटलं.

"फोटो बघ की. शेंडी दिसत नाही का?"

दिसत होती. चांगली ताठ उभी दिसत होती.

मग हळूहळू कळलं. एका गॅरेजवाल्याच्या घराची वास्तुशांत गुरुजींनी केली आणि दक्षिणा द्यायला लागल्यावर हात मागं घेतला. म्हणाले, "पैसे नकोत. गिअर शिकवा." तो बिचारा हादरलाच; पण ब्राह्मणाला नाही म्हणायचं कसं, म्हणून रोज दुपारी दुरुस्तीला आलेल्या ट्रकवर त्यांना बसवायला लागला. पुढं नगरला परीक्षा झाली. साहेबानं विचारलं, चौकात मधोमध गोल असेल तर गाडी कुठल्या अंगानं घ्यायची? गुरुजी म्हणाले, "प्रदक्षिणा घालतात तशी. देव उजव्या हाताला ठेवून." साहेबानं हवेत बोट फिरवून बघितलं. बरोबर निघालं. पास!

आता त्या काळात नव्या लायसन्सवाल्याची काय किंमत होती ते सांगतो. जुना, मुरलेला ड्रायव्हर म्हणजे राजा माणूस. पगार आणि वरचा भत्ता धरला तर माझ्यासारख्या कारकुनापेक्षा जास्त घरी न्यायचा, आणि शेठसुद्धा त्याला दबून असायचा. पण नव्याला कुत्रं विचारत नव्हतं. आमचे शेठ म्हणायचे, "नवा डायवर म्हंजी नवी सून. काम समदं करायचं आन् किल्ल्या मागायच्या न्हाईत." लायसन्स खिशात असलं तरी आधी वर्ष-दोन वर्षं क्लीनर म्हणून राबायचं. काचा पुसायच्या, चाकं बदलायची, चढाला चाकामागं ठोकळा लावायचा, उस्तादाच्या शिव्या खायच्या. पगार म्हणाल तर पोटापुरता. उस्तादाच्या मनात आलं तर मोकळ्या रस्त्यावर घटकाभर स्टिअरिंग हातात मिळायचं. उस्तादानं पुढं 'ह्याला जमतंय' म्हटलं तर गाडी, नाहीतर पूस काचा.

हे सगळं मी गुरुजींना फोड करून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मग लाव क्लीनर."

मी शेठकडे गेलो. शेठ खुर्चीतून उठलेच. "डोकं फिरलंय का तुजं श्रीपती? भटजीला क्लीनर ठिवू? त्येला पाना आन म्हनू? चाकाखाली घालू? आरं, माज्या पोरांचं बारसं केलंय त्यानं! पाप कुटं फेडू?"

झालं! आधी क्लीनर झाल्याशिवाय ड्रायव्हर होता येत नाही आणि भटजीला क्लीनर करायची कुणाची छाती नाही. गुरुजी गावातल्या सगळ्या मालकांकडे फिरले. सगळ्यांनी वाकून नमस्कार केला, पाट दिला, दूध दिलं. आणि नोकरीचं म्हणाल तर, "आता आलाच हाय तर गाडीची पूजा करून द्या." लायसन्स घेऊन जायचे आणि नारळ घेऊन यायचे. कोपरगावातला एक ट्रक ह्या माणसानं पुजायचा ठेवला नाही, आणि एकाही ट्रकचं चाक त्यांच्या हाती कुणी दिलं नाही. मला इतका संताप यायचा! आणि गुरुजी? ते आपले नारळ फोडून मलाच खोबरं द्यायचे.

त्यातच शेठनी नवी गाडी घेतली. पूजेला अर्थात गुरुजी. सोवळं नेसून आले, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. आता ड्रायव्हरनं मुहूर्तावर गाडी लिंबांवरून पुढं घ्यायची. पण ड्रायव्हरच कुठं दिसेना! आदल्या दिवशीची त्याची उतरली नव्हती म्हणे. शेठ घामाघूम. पाहुणे ताटकळलेले. गुरुजी घड्याळ बघतायत. "मुहूर्त टळतोय, शेठ."

"मग काय करू गुर्जी? मी चालवू?"

पुढचं मी ह्या डोळ्यांनी बघितलं, म्हणून सांगायची हिंमत करतो. गुरुजींनी ताम्हन माझ्या हातात दिलं, सोवळ्याचा काचा मारला आणि पळी-पंचपात्र घेऊन केबिनमध्ये चढले. स्टार्टर मारला. चारी लिंबं एका दमात चिरडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठनीही वाजवल्या. आणि गुरुजी थांबलेच नाहीत! उघड्या अंगानं, जानवं खांद्यावर, हॉर्न वाजवत ते सरळ भर बाजारातून गेले. आठवड्याचा बाजार होता हो! भाजीवाल्या बायका पाट्या सोडून उठल्या. न्हाव्याचा वस्तरा एकाच्या गालावर तसाच थांबला. रेल्वे फाटकापर्यंत जाऊन, गाडी वळवून, वळवताना आचमन करून, गुरुजी परत आले आणि जिथून निघाले होते तिथंच गाडी लावून उतरले. घोडनवऱ्यासारखा चेहरा फुललेला.

मग गर्दीतनं एक म्हातारं पुटपुटलं, "मंग आता ही पूजा चालती का न्हाई?"

त्या एका वाक्यानं घात केला. आठवडाभरात पुणतांब्यात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. ट्रक हाकणाऱ्या हातानं आमच्या बापाचं श्राद्ध करायचं? यजमान एकेक करून दुसरीकडे वळले. मालक लोकही पूजेला बोलवेनात. त्यात पाऊस हुलकावणी देऊन गेला, बहात्तरचा दुष्काळ अंगावर आला, लग्नकार्यं थांबली. गुरुजी धड भटजी राहिले नाहीत की धड ड्रायव्हर झाले नाहीत. मी त्यांना भेटायला गेलो तर चुलीत राख गार पडलेली, आणि हा गृहस्थ ओसरीवर बसून मला विचारतो, "डबल क्लचबद्दल तुझं काय मत आहे?" हसावं की कपाळ बडवावं, सांगा!

तेव्हा ज्ञानोबा मध्ये पडला. ज्ञानोबा म्हणजे आमचा सगळ्यांत जुना ड्रायव्हर, पाथर्डीकडचा, तोंडानं फाटका आणि मनानं सरळ. त्याचा क्लीनर पळून गेला होता. तो शेठला म्हणाला, "मला द्या त्यो बामन. तुमाला पापाचं भ्या वाटतं, मला पंक्चर काढायला मानूस पायजे."

शेठनी दोन्ही कानांना हात लावले आणि तोंड फिरवून 'व्हय' म्हटलं.

पुढं पाचसहा महिने गुरुजी ज्ञानोबाच्या गाडीवर होते. पुणतांब्याच्या लोकांना फाट्यावर ते टायर ढकलताना दिसायचे. काही नमस्कार करायचे, काही बघून न बघितल्यासारखं करायचे. ज्ञानोबा रस्ताभर त्यांना झाडायचा. "ए गुर्जी, काच पुसायलाय का तिला अष्टगंध लावायलाय?" मी ऐकलं की माझ्याच अंगाचा तिळपापड व्हायचा. वाटायचं, केवढा मानाचा माणूस आणि काय ही दशा!

दुष्काळात चारा वाहतुकीला ऊत आला. आमच्या बागायती भागातून उसाचं वाढं पाथर्डीकडच्या जनावरांच्या छावण्यांना जायचं. शेठनी गाड्या वाढवल्या आणि ड्रायव्हर मिळेनात. एक दिवस शेठ आपणहून म्हणाले, "श्रीपती, त्या गुर्जीला बोलीव. ज्ञानोबा म्हनतो, हात चांगला बसलाय. नवी गाडी देतो. पगार पुरा, भत्ता पुरा. समद्यांवानी."

मला आनंदानं काही सुचेना. ज्या चाकासाठी ह्या माणसानं घरदार, भिक्षुकी, अब्रू सगळं पणाला लावलं, ते मिळालं होतं! निरोप धाडायला धीर धरवेना. मिळाली ती गाडी पकडून मी स्वतः निघालो. राहुरीच्या अलीकडं एका धाब्यावर ज्ञानोबाची गाडी उभी होती. ऐन दुपार. ज्ञानोबा बाजेवर बसलेला, पुढ्यात एकच परात, तीत बाजरीच्या भाकरी आणि कालवण, आणि तो जेवत नव्हता. गुरुजी पलीकडं गाडीखाली घुसून काहीतरी आवळत होते.

मी त्यांना बाहेर काढलं आणि एका दमात सांगून टाकलं. नवी गाडी. पुरा पगार. भत्ता.

गुरुजींनी ग्रीसचे हात पुसले. "शेठना माझा नमस्कार सांग," म्हणाले. "पण मला नको."

"नको?" मी ओरडलोच. "अहो, काय नको? ह्यासाठी गाव सोडलंत ना? लोक थुंकले तुमच्यावर! मी तुमच्यासाठी दारोदार शब्द टाकला, आणि आता नको? वेडबीड लागलंय का?"

"हळू बोल," गुरुजी म्हणाले. "तो जेवायचा थांबलाय."

"थांबू दे की! त्याचं काय?"

"त्याचंच सगळं आहे, श्रीपती." त्यांनी बाजेकडे बघितलं. "पहिल्या दिवशी मी सोवळ्यातला माणूस म्हणून बाजूला झाडाखाली माझ्या दशम्या सोडून बसलो. तर हा जेवेना. म्हणाला, मला एकट्याला घास उतरत नाही, तुमी हितं येऊन बसा न्हाईतर दोघंबी उपाशी मरू. शेवटी गेलो. एका परातीत जेवलो. आयुष्यात पहिल्यांदा."

मी बाजेवरच्या परातीकडे बघितलं.

"गावात प्रत्येक घरी पहिलं पान माझं असायचं रे. मी बसलो की घरची सगळी दाराआड उभी. आतून पोरं विचारायची, आई, भटजी उठले का गं? मग आम्हाला वाढ. सगळ्यांनी मी कधी उठतो ह्याची वाट बघितली. मी कधी येतो म्हणून भरल्या ताटावर कुणी खोळंबलं नाही. मला वाटायचं, गाडीवर दोन माणसं असतात, दिवसभर शेजारी बसतात, एकमेकांशी बोलतात. तेवढंच हवं होतं."

लहानपणी माझ्या घरच्या दाराआड उभं राहून मीही तेच विचारत होतो. तरी हट्टानं म्हटलं, "पण ड्रायव्हर झालात तर तुमच्याही शेजारी क्लीनर असेल की! तोही थांबेल जेवायचा."

"तो भीतीनं थांबेल. मी उस्ताद, म्हणून," गुरुजी म्हणाले. "ज्ञानोबाला माझी कसली भीती? रोज शिव्या देतो मला. तरी थांबतो."

तेवढ्यात बाजेवरनं ज्ञानोबा गरजला, "ओ गुर्जी! येताय का आता? कालवन गार झालं! भूक लागलीय मला!"

गावानं ज्यांच्यासाठी पंगती ताटकळवल्या, ज्यांनी कधी कुणासाठी पाऊल भरभर उचललं नाही, ते सदूगुरुजी हात धुवायचे विसरून, पंचा सावरत, "आलो रे, आलो, आलो," म्हणत अक्षरशः पळाले.