देवानं पाडलेलं भोक

गुरुलिंगअप्पांच्या पितळी भांड्यांच्या दुकानासमोर वीरभद्रप्पाने ॲल्युमिनियमचं दुकान थाटलं, तेव्हापासून अप्पांना अन्न गोड लागेना. पेठेत त्या धातूला 'जर्मन' म्हणत आणि बायका हलकं म्हणून तेच घेत. अप्पांनी चारचौघांत सांगून टाकलं, "हलकं हाय खरं, पन मीठ लागलं की टाचणीएवढा खड्डा पडतो. त्याचं भोक कवा हुतंय, कळत बी न्हाय."

वीरभद्रप्पाही हटणारा नव्हता. पैज लागली. अप्पांचं पितळ आणि कासं, वीरभद्रप्पाचं जर्मन, तिन्हींचे लोटे चिंचमिठाच्या पाण्याने भरायचे. दोघांपैकी ज्याचा लोटा आधी गळेल त्याने दुकानाची पाटी उतरवायची आणि दुसऱ्याचा माल विकायचा.

लोटे ठेवायचे कुठे? एकमेकांच्या घरावर दोघांचा काडीचा विश्वास नव्हता. शेवटी महादेवाच्या गाभाऱ्यावर एकमत झालं. वैशाखात पिंडीवर थेंब थेंब पाणी धरायला गळती टांगतात, तिची साखळी तिथे रिकामीच होती, पण झिजलेली. जड लोटा तिला पेलणार नाही, म्हणून पुजारी महादेवप्पाने तिथे जर्मन अडकवलं आणि बाकीचे दोन बाजूच्या तुळईला.

अप्पा रोज देवळात जात आणि देवाऐवजी वर बघत. पितळ हिरवं पडलं, कासं काळवंडलं. जर्मन मात्र चकाकतच होतं. अप्पांची झोप उडाली.

वैशाखातल्या पहिल्याच सोमवारी बायको शिवबाई धापा टाकत आली. "अवो, जर्मन गळतंय."

अप्पा अनवाणीच धावले. गाभाऱ्यात ही गर्दी. लोट्याच्या बुडातून थेंब नेमका पिंडीवर पडत होता.

"भोक पडलं," अप्पा आनंदाने म्हणाले.

"पडलं की," म्हणत सगळ्यांनी हात जोडले.

वैशाख लागला आणि महादेवाने स्वतःच गळती लावून घेतली, असं शेजारच्या बसव्वाने केव्हाच जाहीर केलं होतं. आंबट-खारट तीर्थाला रांग लागली होती. अप्पांनी पैजेची आठवण दिली, तेव्हा महादेवप्पाने त्यांच्याही हातावर पळीभर तीर्थ घातलं.

"अप्पा, जे देवानं पसंत केलं, ते हरलं कसं म्हनू?"

वीरभद्रप्पाची पाटी जागची हलली नाही. उलट घरोघरी देव्हाऱ्यावर जर्मन टांगलं गेलं. अप्पांनीही हातोडी घेऊन पितळी लोट्यांना भोकं पाडली, पण गिऱ्हाइकं नाक मुरडू लागली. माणसाने पाडलेलं भोक देवाला काय कामाचं?

हल्ली भरदुपारी अप्पा पितळी लोट्यात चिंचमीठ कालवतात आणि बुडाखाली तळहात धरून बसतात. "पड की रं बाबा एक," अशी आपल्याच मालाची मनधरणी करतात.

पण माल अस्सल आहे. गळायचं नाव घेत नाही.