मीनेतला चंद्र आणि चुरी डॉक्टर

आमच्या बोईसरच्या चुरी डॉक्टरांकडे ताप घेऊन गेलात, तर पहिला प्रश्न तापाचा नसतो. "ताप चढला तेव्हा वर काय चाललं होतं?" असं ते विचारतात. वर म्हणजे आकाशात, हे नव्या माणसाला कुठून कळणार? सालवडला राहणाऱ्या एका कामगाराने मान वर करून नीट विचार केला आणि सांगितलं, "ऊपर तो मकानमालिक रहता है, डॉक्टरसाब. टीवी चल रहा था." डॉक्टरांनी गंभीरपणे तेही केसपेपरवर लिहून घेतलं.

माझं मेडिकलचं दुकान त्यांच्या दवाखान्याला लागूनच आहे. मधली भिंत नावालाच, त्यामुळे बाबिलोनपासून ग्रीसपर्यंतची सगळी वैद्यकी मी गोळ्यांच्या पट्ट्या कापता कापता शिकले. डॉक्टर चांगले एमबीबीएस आहेत. घरची चिंचणीला चिकूची वाडी, हाताला गुण, औषधं आजच्या काळातली. त्यांच्या चिठ्ठीवर आजवर एकही ग्रह मला सापडलेला नाही. पण पूर्वीच्या काळी वैद्य आणि ज्योतिषी एकाच पंगतीला बसायचे, या गोष्टीचं त्यांना जे वेड आहे, त्यावर माझ्या दुकानात तरी औषध नाही.

दवाखान्याच्या भिंतीवर त्यांनी कालपुरुषाचं चित्र लावलंय. डोक्यावर मेंढा, पायाशी मासे आणि मध्ये अंगभर बाकीच्या राशी. लहान मुलं ते बघून इंजेक्शनच्या आधीच रडायला लागतात. डॉक्टर पेशंटला नावाने बोलावत नाहीत. डोकं दुखत असेल तर "या, मेष!" आणि गुडघा दुखत असेल तर "बसा मकर, पाय लांब करा." आमच्या शेजारच्या काकूंना गॅसेसचा त्रास, आणि चित्रात पोटावर सिंह. त्यांना भर दवाखान्यात "या, सिंह!" म्हटल्यापासून त्या आठवडाभर रुबाबात होत्या.

रांगेत बसलेल्या लोकांना फुकटचं व्याख्यान असतं. आपले वैद्य पुष्य नक्षत्र बघून मुळ्या खणायचे. ताप कुठल्या नक्षत्रावर आला त्यावरून तो कधी उतरेल ते सांगायचे. बोलवायला आलेला माणूस दारात कसा उभा राहिला, त्यावरूनसुद्धा रोग्याचं भवितव्य ठरवायचे. तिकडे यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या देशात चंद्र ज्या राशीत असेल, त्या राशीच्या अवयवाला शस्त्र लावायची बंदी होती. "आणि खरं होतं का हो हे?" असं कुणी विचारलं की डॉक्टर चष्मा पुसतात. "खरं नव्हतं. पण सुंदर होतं!"

मी पूर्वी हसायचे. मग लक्षात आलं, की आकाश आठवता आठवता पेशंटला सगळी रात्र आठवते. काय खाल्लं, थंडी कधी वाजली, उशाशी कोण बसलं होतं. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधी डॉक्टर मलेरिया ओळखतात तो त्यातून. "चंद्राच्या निमित्ताने ते वैद्य माणसाजवळ बसायचे, ताई," ते म्हणाले होते. "आम्ही मशीनजवळ बसतो."

तर या विद्येने मागच्या वर्षी त्यांचाच गळा धरला. मासवणच्या जानकीआजी त्यांच्या जुन्या पेशंट. साखर वाढलेली, त्यात शेतात पायाला काहीतरी लागलेलं. सुनेने आणलं तेव्हा अंगठा काळा पडला होता. डॉक्टरांनी पाय बघितला आणि व्याख्यान बंद केलं. "आजी, आत्ता पालघरला जायचं. अंगठा काढावा लागेल, नाहीतर पाय जाईल. उशीर झाला तर जीवही."

रिक्षा दारात उभी राहिली, पण आजी उठेनात. "आज चंद्र कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर चष्मा पुसायला लागले. भिंतीवरच्या माशांकडे बोट करून आजी म्हणाल्या, "तुमीच सांगलंव ना, चंद्र मासलीवर आसला तर पायाला लोखंड लावायचा नाय? मी इसरले नाय. आज कुठं हाय ता सांगा. तुमी खोटा नाय बोलायचं."

चंद्र त्या सकाळीच मीनेत आला होता. दुकान उघडताना डॉक्टरांनीच मला तसं सांगितलं होतं. अजून दोन दिवस तो तिथेच राहणार होता आणि आजींच्या पायाला दोन तासही नव्हते. सगळी रांग डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती.

"मेषेत," डॉक्टर म्हणाले. "कालच गेला. चला."

अंगठा गेला, पाऊल वाचलं. पण इकडे दवाखाना बंद! दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी पालघरला गेले, तर डॉक्टर आजींच्या खाटेशी स्टूल टाकून बसलेले. दाढी वाढलेली, आजींचा हात हातात. मला रागच आला. "तुमचा विश्वास नाही ना? मग हे काय?"

"विश्वास नाहीच," ते हळूच म्हणाले. "पण तिचा आहे, आणि मी तिला फसवलंय. चंद्र मीनेतून जाईपर्यंत काही बिघडलं, तर मी इथे असायला हवा."

आजींना डोळा लागला होता. डॉक्टरांच्या पत्नी, सुमनवहिनी, इथेच पालघरला एका ऑपरेशनमध्ये गेल्या, त्याला बरीच वर्षं झाली. मला एकदम त्या आठवल्या आणि विचारू नये ते मी विचारून बसले. "डॉक्टर, गावातल्या सगळ्यांचा चंद्र तुम्ही तोंडी सांगता. वहिनींच्या ऑपरेशनच्या दिवशी कुठे होता?"

त्यांनी मोकळ्या हाताने आजींची चादर सारखी केली.

"नाही काढला," ते म्हणाले. "वाईट जागी निघाला तर वाटेल, आधी का नाही बघितलं. आणि चांगल्या जागी निघाला, तर मग ती गेली कशाने?"

मी डबा उघडला. डॉक्टरांनी एका हाताने जेवायला सुरुवात केली, कारण दुसरा हात आजींनी झोपेतही सोडला नव्हता.