पालथ्या हाताचा वायरमन

आमच्या गावचा वायरमन दिगू काम संपलं की चपला काढतो, तांब्याभर पाणी मागतो, ते स्वतःच्या पायांवर ओतून घेतो आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहून नुकत्याच दुरुस्त केलेल्या चालू पंपाला पालथा हात लावतो. त्या घरच्या माणसांना त्याने आधीच चार पावलं मागे सरकवलेलं असतं. हात लावून ठेवून तो मनात दहा आकडे मोजतो आणि मग मान हलवून सांगतो, "वापरा आता."

पंप, फ्रीज, मिक्सर, गीझर, सगळ्यांना हाच न्याय. एकदा आमच्याकडे साध्या टेबलफॅनसाठी त्याने हा सोहळा मांडला, तेव्हा मी म्हटलं, "दिगंबर, तुझ्याकडे टेस्टर आहे, मीटर आहे. हात कशाला लावतोस?"

"मीटर हाय सर, पन मीटरला जीव न्हाय," तो म्हणाला. "आधी मी. मंग तुमी."

मी दिवेआगरच्या हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यापासून सुपारीची वाडी बघतो आणि लोकांच्या चुका काढतो. त्यातलं दुसरं काम मला जास्त चांगलं जमतं. दिगू माझा विद्यार्थी. नववीत त्याला इंग्रजीत अकरा मार्क होते आणि त्यातले पाच मी दयेपोटी दिलेले. तेव्हा त्याच्याबद्दल माझं मत फारसं उंच असण्याचं कारण नव्हतं. गाव मात्र त्याच्या "आधी मी"वर फिदा. दिगूला करंट लागतच नाही, त्याचं रक्तच वेगळं, असं लोक पाहुण्यांना सांगत. मला ते शुद्ध ढोंग वाटे. देवऋषी लिंबू फिरवतो, हा हात फिरवतो. गिऱ्हाइकावर छाप पाडायच्या दोन्ही रीती, असं मी चारचौघांत म्हणत असे, आणि चारचौघं हसत असत.

त्याचं दुसरं खूळ उन्हाळ्यातलं. घराबाहेर खड्डा खणून त्यात मीठ-कोळसा घालून अर्थिंगची पट्टी पुरतात. पंपाच्या अंगात वीज उतरलीच, तर ती माणसातून न जाता तिथून जमिनीत जावी म्हणून. खड्डा ओला राहिला तर अर्थिंग नीट काम करतं, एवढं विज्ञान मलाही मान्य आहे. पण दिगू चैत्र उजाडला की कळशी घेऊन गावभर फिरे आणि ज्यांचे मालक मुंबईला असतात त्या कुलूपबंद घरांच्या खड्ड्यांतही पाणी ओते. कुणी सांगितलेलं नसे, कुणी विचारतही नसे. आमची ही म्हणायची, "बायका वडाला घालतात तसं घालतो हो." मी म्हणायचो, "बायका त्याबदल्यात नवरा तरी मागतात. याला काय हवंय?"

दोन वर्षांपूर्वी कळलं. एका सकाळी दिगू प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन ओटीवर आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "सर, ऑस्ट्रेलियाला जायचं हाय. फारम इंग्रजीत हाय."

मी मोठ्याने हसलो. वय बेचाळीस, लग्न नाही, घरात एकटा. आयटीआयची दोन वर्षं सोडली तर रायगडाबाहेर पाऊल नाही. ताटात भात नसला तर याला जेवल्यासारखं वाटत नाही, आणि हा निघाला सातासमुद्रापलीकडे!

"हसा सर, पन भरून द्या. पंचेचाळीस झाली की घेत न्हायत."

मग त्याने मला सगळी भानगड समजावली. आधी आपलं कसब तपासून घ्यायचं. त्यासाठी शिक्षणाचे, अनुभवाचे कागद पाठवायचे. ते पसंत पडले की मुंबईच्या एका केंद्रात परीक्षकासमोर हाताने काम करून दाखवायचं. पुढे तिकडे गेल्यावर वर्षभर दुसऱ्याच्या हाताखाली काम, आणि मग पक्कं लायसन्स.

"म्हणजे पंचवीस वर्षं वायरमनकी करून परत उमेदवारी! डॉलरचा सोस वाईट रे बाबा."

"डॉलर न्हाय सर. तिथलं लायसन्स पायजे."

"इथलं आहे ना तुझ्याकडे?"

"इथलं कुनी बघायला मागत न्हाय," तो म्हणाला.

मला वाटलं, फ्रेम करून भिंतीवर लावायचं असेल. हल्ली ज्याला त्याला कुठेतरी जायचंच असतं, आणि गेल्यावर तिथून फोटो पाठवायचे असतात. तरी मी फॉर्म हाती घेतला. खोटं कशाला बोलू, इंग्रजीत चुका काढायला मला बऱ्याच दिवसांत कोणी मिळालं नव्हतं.

अनुभवाला पुरावा म्हणून गिऱ्हाइकांची पत्रं हवी होती. काय काम केलं, कधी केलं, कसं केलं. मागे मोठ्या वादळात निम्म्या गावाच्या वाड्या आडव्या झाल्या, बोर्डांत वाळू शिरली, तेव्हा याच दिगूने घराघरातली वीज परत आणली होती. वाटलं, पत्रांचा पाऊस पडेल. पण दिगू जाणार म्हटल्यावर गावाची लेखणीच आटली. "पत्र दिलं तर तो जाईल. मग आमचा पंप कोण बघणार?" असं लोक मला तोंडावर म्हणाले. एका वाडीवाल्याने अखेर पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं, "दिगू मुलगा चांगला आहे. हाक मारली की येतो. त्याला शॉक लागत नाही. तरी त्याला परदेशी पाठवू नये ही नम्र विनंती." मी त्याचं इंग्रजी करताना शेवटचं वाक्य गाळलं. आयुष्यात केलेली ही माझी एकमेव लबाडी.

मग काम करतानाचे फोटो. दिगूने लग्नात घालायचा इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं आणि बारा फोटो काढून आणले. बाराही फोटोंत तो अनवाणी, पाय ओले, पंपाला पालथा हात लावून कॅमेऱ्याकडे बघत उभा. हातात पक्कड एकाही फोटोत नाही.

"अरे, हे बघून ते तुला वायरमन समजतील की पंपाचा नवरदेव?" मी ओरडलो. "बूट कुठायत?"

बूट होते. जाड रबरी तळाचे, खास परीक्षेसाठी घेतलेले. खराब होऊ नयेत म्हणून पिशवीत ठेवलेले. ते पायात चढवून फोटो परत काढायला लावले.

कागद पसंत पडले, तारीख आली. महिनाभर मी त्याच्याकडून इंग्रजी उत्तरं घोकून घेतली. वीज बंद करायची, कुलूप लावायचं, पाटी अडकवायची, मीटर चालतोय का बघायचं, मग तारा तपासायच्या, मीटर परत बघायचा. हे सगळं त्याला येत होतं. माझी भीती वेगळीच होती. "दिगंबर, तिथे हात लावायचा नाही," हे मी इतक्यांदा सांगितलं की आमची ही स्वयंपाकघरातून म्हणायला लागली, "अहो, मीसुद्धा नाही लावणार आता."

परीक्षेला मी बरोबर गेलो. दिगू बूट दाराशी काढून आत शिरला, कुणाच्या घरात शिरतात तसा. केंद्रातल्या लोकांनी ते परत घालायला लावले. मी बाहेर बाकावर बसलो. साधारण दोन तासांनी दिगू बाहेर आला, बूट हातात घेऊन. तेव्हाच समजलो.

काम सगळं बरोबर झालं होतं. मोटर जोडली, तपासली, चालू केली. परीक्षक खूश दिसत होता म्हणे. मग त्याने सहज मोटरच्या अंगावर हात टेकायला पुढे केला, आणि दिगूने त्याचं मनगट धरून त्याला बाजूला सारलं, "फर्स्ट मी सर, फर्स्ट मी!" म्हणत दोन्ही बूट काढले आणि चालू मोटरला पालथा हात लावला. परीक्षा तिथेच थांबवली. सहा महिन्यांनी पुन्हा या म्हणाले. तीस वर्षं इंग्रजी शिकवल्याचं मला मिळालेलं फळ म्हणजे ते "फर्स्ट मी".

परतताना मांडव्याच्या लाँचमध्ये बसेपर्यंत मी तोंड आवरलं. लाँच सुटली आणि माझंही सुटलं. अकरा मार्कांपासून पंपाच्या नवरदेवापर्यंत सगळं काढलं. "एवढी काय ती मिजास? जगात तू एकटाच शूर?"

"त्यो हात लावत व्हता सर."

"लावू दे की! तुझं काम बरोबर होतं ना?"

"तवा बी वाटलं व्हतं बरोबर हाय." तो पाण्याकडे बघत होता. "आईनं बी तसाच लावला."

दिगूची आई वाडीतल्या पंपाचा शॉक लागून गेली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. पंप जुना होता, नशीब वाईट, असं म्हणून आम्ही दहाव्याला जाऊन आलो होतो. तो पंप त्याआधी कुणी उघडला होता, हे कुणी विचारलं नव्हतं.

"मीच जोडला व्हता सर. धाव्वीत व्हतो. तुमी शाळेची लाइटीवरची घंटा माझ्याकडनं नीट करून घेतलीत. मंग आई बाजारात भेटली तर तिला म्हनालात, तुमच्या घरात वायरमन असताना बाहेरचा कशाला बोलावता? आई लय खूश झाली वो. दुसऱ्याच दिवशी म्हनाली, दिगू, पंप बघ. मी बघितला. म्हटलं, आई, मी बटन दाबतो, तू बघ पानी येतंय का. मी घरात व्हतो. ती पंपापाशी."

पाण्यावरची नजर काढून तो माझ्याकडे वळला.

"तुमच्यावर न्हाय बोलत सर. तुमी चांगलंच बोललात. पन तिथं म्हने लायसन्स नसलं तर सोताच्या घरातला बोर्ड बी उघडू देत न्हायत. सोळा वर्साच्या पोराला कुनी हातच लावू दिला नसता. असा देस एकदा बघायचा हाय. त्यांच्यात बसायचं हाय."

मला घंटा आठवत होती. ते वाक्य मात्र आठवत नव्हतं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली. अशी वाक्यं मी जन्मभर येताजाता टाकत आलो आहे. वीस-पंचवीस वर्षं ज्याला ढोंग म्हणून मी लोकांना हसवलं, त्याची सुरुवात माझ्याच तोंडून झाली होती.

दुसऱ्या परीक्षेची तयारी आमच्या वाडीत झाली. दिगू माझाच पंप सोडवून परत जोडायचा आणि परीक्षक मी. शेवटी मी हात पुढे करायचा आणि त्याने बूट न काढता, हात मागे बांधून उभं राहायचं, एवढाच धडा. पहिल्या दिवशी त्याने माझं मनगट असं आवळलं की चार दिवस तिथे निळं होतं. मी नेहमीसारखा खेकसलो. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मागच्या दारातून ही विचारायची, "मीटर लावून बघितलंय ना हो खरंच?" आणि गडग्याच्या भिंतीपलीकडून शेजारी म्हणायचे, सर पण बिघडले.

तीन आठवडे गेले. एका सकाळी तो उभा राहिला. बोटं पाठीमागे घट्ट गुंतवलेली, डोळे मिटलेले, ओठ हलत होते, आकडे मोजत. मी चालू पंपावर हात ठेवला. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही भीती वाटली.

"काही झालं नाही, दिगंबर," मी म्हटलं. "बघ. तू नीट जोडलायस."

त्याने डोळे उघडले. माझा हात आपल्या हातात घेऊन दोन्हीकडून उलटून बघितला आणि तिथेच पंपाशेजारी बसून रडायला लागला, मोठमोठ्याने. मी जन्मात विद्यार्थ्याची माफी मागितलेली नाही. त्या दिवशी मागितली. इंग्रजीत मागितली, कारण मराठीत मला ती जमली नसती. त्याला कळली की नाही, मी विचारलं नाही.

दिगू पास झाला. आता तिकडे सव्वीस वर्षांच्या एका पोराच्या हाताखाली काम करतो आणि त्याचं त्याला जराही वाईट वाटत नाही. मधूनमधून फोन येतो. "सर, हितं पायावर पानी घेऊ देत न्हायत," अशी तक्रार करतो, पण आवाजावरून ती तक्रार वाटत नाही.

जाताना त्याने कळशी आमच्या मागच्या दारी ठेवली आणि बरोबर एक वही. वहीत गावातल्या अर्थिंगच्या खड्ड्यांची यादी, जवळजवळ प्रत्येक नावापुढे "एक कळशी". पहिलं नाव त्याच्याच घराचं. तिथला पंप त्याने आई गेली त्याच वर्षी काढून टाकला आणि पुढे गाव सोडेपर्यंत विहिरीचं पाणी हाताने ओढलं. पंपाच्या जागी खड्डा मात्र खणून ठेवला आहे, मीठ-कोळसा घालून, अगदी पद्धतशीर. त्याला काहीही जोडलेलं नाही.

यंदा चैत्रात मी कळशी घेऊन निघालो. लोक हसले. हसू देत, त्यांना हसायला मीच शिकवलं आहे. त्या पहिल्या खड्ड्यापुढे दिगूने दोन कळशा लिहिल्या आहेत. मी तीन घालतो.