मावशीपासून एक वीत

आमच्या मिरजेच्या स्टुडिओत मायक्रोफोनच्या लेखी संमतीशिवाय त्याच्यापुढे काहीही वाजवता येत नाही, आणि त्या रविवारी मावशीनं डॉक्टर आवटींचा अर्ज शेरा मारून परत केला. शेरा होता, "अंतर नमूद नाही."

मावशी म्हणजे आमचा सगळ्यात जुना मायक्रोफोन. तिच्या आत केसाहून पातळ पट्टी आहे आणि तिचं सगळं ऐकणं त्या पट्टीवर. चाळीस वर्षं तिनं तंबोरे ऐकले, भजनं ऐकली. कुणाचा चढा आवाज म्हणून ऐकून घेतला नाही. पट्टी फाटली की मावशी कायमची बहिरी. माझा तिच्यावर फार जीव, म्हणून शेरा वाचून मला हायसंच वाटलं.

डॉक्टर आवटी सांगलीत दात काढतात आणि सुट्टीच्या दिवशी इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. त्यांचा अॅम्प्लिफायर गुडघ्याएवढाच, पण बटण शेवटपर्यंत फिरवलं की समोरच्याची पँट फडफडते.

"हळू लावला तर हा डासासारखा गुणगुणतो," डॉक्टर म्हणाले. "आणि घ्यायचं जवळूनच. लांबून नुसती खोली ऐकू येते."

"एक वीत," मावशी म्हणाली. "त्याहून जवळ नाही. आणि मी तिरकी उभी राहणार. हवेचा धक्का थेट तोंडावर नको."

मागणी रास्त होती. मी तिला अॅम्प्लिफायरच्या स्पीकरच्या कडेला तिरकं उभं केलं, रेकॉर्डिंगच्या मशीनवरची आवाजाची पातळी उतरवली आणि वीत लावून अंतर मोजलं. हात काढला तशी मावशी म्हणाली, "वीत कुठे गेली?"

"मोजली की आत्ता."

"मोजलीस आणि घेऊन गेलास. सदाशिव, वीत हाताची असते. हात गेल्यावर मध्ये उरतं काय?"

मुद्दा बिनतोड होता. डॉक्टरांनीसुद्धा मान डोलावली. पण त्यांचे हात गिटारवर, माझे मशीनवर. शेवटी बाहेर चहा पीत बसलेल्या मोहिते दाजींना, म्हणजे माझ्या बहिणीच्या यजमानांना, आत बोलावलं. दाजींनी टपाल खात्यात पस्तीस वर्षं शिक्के मारले. त्यांचा हात धक्क्यानं हलत नाही.

"किती येळ धरायचा?" दाजींनी विचारलं.

"गाणं संपेपर्यंत."

"धरतो की. रिकामाच हाय हात."

आम्ही सगळ्यांनी कानांत बोळे घातले. दाजींनी अंगठा अॅम्प्लिफायरला टेकवला, करंगळी मावशीला. "थोडं बधिर वाटेल, घाबरू नका," डॉक्टर सवयीनं म्हणाले. मावशीनं सही केली.

सुरुवात अगदी हळू केली. एकेक घर बटण वर, प्रत्येक वेळी मावशीला विचारून. सातव्या घराला खिडकीच्या काचा बोलू लागल्या, तरी मावशी म्हणाली, "चालेल." मग गाणं रंगात आलं, डॉक्टरांचं भान सुटलं आणि त्यांनी न विचारता बटण थेट शेवटाला नेलं. दाजींच्या मिशा मागे झोपल्या. हात तसूभर हलला नाही.

गाणं संपलं. आम्ही बोळे काढले.

"मावशी?"

उत्तर नाही.

"मावशी, ऐकू येतंय का गं?"

चांगला दात उपटून बसल्यासारखा डॉक्टरांचा चेहरा झाला होता. मला त्यांचा इतका राग आला की अर्ज त्यांच्या अंगावर फेकावासा वाटला.

"हाताला मुंग्या आल्यात," दाजी म्हणाले. "काढू काय?"

"शू! कुणी बोलू नका," मावशी म्हणाली. "त्या मुंग्याच ऐकतेय मी. किती सुरेख चालतात."

मला तिथेच रडू फुटलं. डोळे पुसून मी हेडफोन लावले. बारीक बारीक पावलं होती, एका रांगेत, मनगटाकडे निघालेली. डॉक्टरांनी गिटार अलगद खाली ठेवली.

"दाजी, हात हलवू नका," मी म्हणालो आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.