केंद्राचा खिळा

राग येईल नाही तर काय! आमची नात चिमणी भूमितीत नापास झाली, तर सूनबाई म्हणते, क्लासला घाला. परक्या माणसाने आमच्या पोरीला रेषा शिकवायची? मी जन्मभर सुतारकाम केलं. रेषा आणि वर्तुळ यांच्यावरच हे घर उभं राहिलं.

"उद्याच्या चाचणीचं मी बघतो," मी ठणकावलं. "त्यात नापास झाली तर खुशाल पाठवा."

(शाळा मी चौथीत सोडली. पण ते कुणी विचारलं नव्हतं.)

पुस्तकातल्या आलेखाच्या चौकटी मुंगीएवढ्या. त्यापेक्षा स्वयंपाकघराच्या फरश्या काय वाईट? खडू घेतला.

"शून्य कुठे धरायचं?"

"कुठेही, आजोबा."

"कुठेही? मोजमाप आहे की थट्टा?"

शेवटी ओट्याच्या नळाखालचा कोपरा शून्य ठरला. तिथून तीन फरश्या उजवीकडे, दोन समोर, तिथे केंद्र. त्रिज्या दोन फरश्या.

"बाबा, मी गॅसपाशी उभी आहे," सूनबाई म्हणाली.

"मग उभी राहा. वर्तुळ तुझ्यासाठी वाकडं होणार नाही."

चिमणी म्हणाली, "वर्तुळ काढायला दोरीचं टोक मी केंद्रावर अंगठ्याने दाबून धरते."

"अंगठा हलतो. खिळा हलत नाही."

सांध्यात खिळा धरला आणि हातोडी घातली. तिसऱ्या घावाला कारंजं उडालं. पाणी माझ्या चष्म्यावर आणि तिथून थेट पेटत्या गॅसवर! सूनबाई काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

प्लंबर आला. "पाइप कुठल्या दिशेने जातो?"

"भिंतीला समांतर. माझ्या डोळ्यांदेखत घातलाय."

त्याने माझ्या शब्दाखातर दोन फरश्या उखडल्या. खाली कोरडी वाळू.

चिमणी खडू घेऊन खाली बसली. "ओट्याचा नळ शून्यावर. कपड्यांच्या मशीनचा नळ सहा उजवीकडे, चार समोर. पाइप सरळ जोडला तर तीन उजवीकडे गेलं की दोन समोर. आजोबा, तुमचा खिळा रेषेवरच आहे!"

पाइप तिरपाच निघाला. प्लंबर हसला. (त्याला हसायला बोलावलं नव्हतं.)

चाचणीत नेमका तोच प्रश्न आला: दिलेला बिंदू रेषेवर आहे का? चिमणी पास झाली. क्लास टळला. तिने आमची रीत शाळेत सांगितली, तेव्हा गणिताच्या बाईंचा निरोप आला: आजोबांनी एकदा वर्गात येऊन शिकवावं.

मी कडक इस्त्रीचा सदरा चढवला. सूनबाईकडे बघितलंसुद्धा नाही. उंबऱ्याशी तिने पिशवी माझ्या हातातून काढून घेतली, आतली हातोडी बाजूला ठेवली आणि म्हणाली,

"आता जा, बाबा. शाळेतही फरशीखाली पाइप असतात."